बंधाऱ्याचा आवाज

उंब्रजला हायवेच्या कडेला आमचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, चार बाकडी, मिसळ, भजी आणि चहा. गल्ल्यामागच्या फळीवर माझ्या वडिलांनी, आबांनी, टेपरेकॉर्डर ठेवला होता आणि तो दिवसभर चालू असायचा. ट्रकवाले त्यांच्या कॅसेटी आमच्याकडे ठेवून जात आणि आमच्याकडची एखादी घेऊन जात. मी नववीत असताना एका दुपारी अशीच एक कॅसेट आली. तिच्यावर ना नटाचं चित्र, ना देवाचं. पांढऱ्या कागदावर बॉलपेननं ‘बंधारा’ एवढंच लिहिलेलं, आणि खाली सांगलीचा पत्ता.

आबांनी ती लावली. आधी नुसती खसखस ऐकू आली, रेडिओवर स्टेशन लागलं नाही की येते तशी. मग ती हळूहळू रुंद होत गेली. तिच्या खालून एक जाड, लांबलचक सूर आला आणि तिला उचलून धरून तिथंच थांबला. मी ग्लास विसळत होते. तारळी आणि कृष्णा आमच्या गावाजवळच मिळतात, त्यामुळे पाणी कसं वाजतं हे मला कुणी सांगायला नको होतं. बंधाऱ्यावरून पाणी पडतं तेव्हा जवळून एक आवाज येतो आणि लांबून दुसरा. या माणसानं ते दोन्ही एकदम ऐकवले होते, आणि त्यात पाण्याचा थेंबही नव्हता. सगळं कुठल्यातरी यंत्रातून काढलेलं होतं.

आबा पाच मिनिटं वाट बघत उभे राहिले. मग म्हणाले, “ह्यात गाणं कवा सुरू व्हायचं?”

“आबा, ह्येच गाणं हाय.”

“ह्ये?” त्यांनी कॅसेट काढून माझ्या हातात दिली. “मग तूच ठेव ही. गिऱ्हाईक उठून जाईल.”

बारावीपर्यंत मी ती जवळजवळ रोज ऐकली. त्या पत्त्यावर पत्रही लिहिलं. दोन महिन्यांनी पोस्टकार्ड आलं, कॅसेटवरच्याच अक्षरातलं. ‘आपण पाणी ओळखले, आनंद वाटला. सांगलीच्या बंधाऱ्यावर बसून ते कानात भरून घेतले आणि सिंथेसायझरवर केले. इकडे आल्यास घरी यावे.’

पुढं मी कान तपासायचा डिप्लोमा केला. आबांना मी नर्स व्हायला हवी होते. या कोर्सच्या माहितीपत्रकात ‘ध्वनी’ हा शब्द तीनदा आला होता, म्हणून मी तो निवडला, हे घरात कधी कुणाला सांगितलं नाही. सांगलीत एका दवाखान्यात नोकरी लागली आणि पहिल्याच आठवड्यात मी पोस्टकार्ड घेऊन तो पत्ता शोधत गेले.

नदीजवळच्या गल्लीत दोन खोल्या खाली आणि एक वर, असं घर होतं. ती कॅसेट ज्यांनी केली त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. बुटके, जाड भिंगाचा चष्मा, बोटं मात्र लांब. त्यांचं घराणं बँडवाल्यांचं. वडील लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट वाजवायचे. मास्तरांना लहानपणापासून रेडिओ उघडून बघायचा नाद, आणि त्या नादापायी ते विजेवरच्या वाद्यांकडे वळले. त्यांचा सिंथेसायझर पेटीसारख्या पट्ट्यांचा होता, पण त्यात तयार आवाज भरलेले नव्हते. बटणं फिरवून, तारा इकडच्या तिकडे जोडून प्रत्येक आवाज आपण घडवायचा. मास्तरांनी उसाच्या चरकाचा, हळद पॉलिश करायच्या ड्रमचा, पठारावरच्या पवनचक्क्यांचा असे कितीतरी आवाज घडवले होते.

पण त्यावर घर चालत नव्हतं. पोटासाठी ते ऑर्केस्ट्रात आणि लग्नाच्या वरातीत कीबोर्ड वाजवत. ट्रॉलीवर स्पीकरची भिंत रचलेली असायची आणि तिला पाठ लावून मास्तर उभे. चाळीस वर्षं त्यांनी ते केलं. मी कान तपासणारी. मी एकदा म्हटलं, “मास्तर, कानात कापूस तरी घाला.”

“कापूस घातल्यावर गाणाऱ्याचा सूर कसा कळणार?” ते म्हणाले. मी पुन्हा तो विषय काढला नाही. आता वाटतं, काढायला हवा होता.

वर्षातून एकदा ते वाचनालयाच्या हॉलमध्ये स्वतःचं संगीत वाजवत. तीस खुर्च्या मांडायच्या, त्यातल्या निम्म्या भरायच्या. तो कार्यक्रम मी एकदाही चुकवला नाही. लग्न होऊन पलूसला गेले तरी रोज एसटीनं सांगलीला येतच होते. रविवारी नवऱ्याला सांगून मास्तरांकडे जायचे. नवरा हायस्कुलात शिक्षक, स्वभावानं शांत. “तुझ्या देवळात जाऊन आलीस?” एवढंच विचारायचा. मास्तरांच्या बायकोला मी भाभी म्हणायचे. त्या चहा ठेवत, मी खाली चटईवर बसे, आणि मास्तर काही नवीन केलेलं ऐकवत. मला वाजवता काहीच येत नव्हतं. मला फक्त ऐकता येत होतं, आणि मास्तर म्हणायचे की तेवढंच पुरतं.

मग महापूर आला.

मास्तर आणि भाभी निसटून मिरजेला नातेवाइकांकडे गेले. पाणी त्यांच्या जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत चढलं आणि कित्येक दिवस तिथंच राहिलं. उतरल्यावर मी गेले, तेव्हा मास्तर दारात उभे होते. आत जायला जागाच नव्हती. घोट्याच्या वर चिखल, आणि त्यात कॉटखालची पत्र्याची पेटी उघडी पडलेली. त्यांच्या सगळ्या मूळ टेपा त्या पेटीत होत्या. सिंथेसायझर भिंतीला टेकून उभा राहिला होता. मी त्याची एक पट्टी दाबली, तर ती खालीच राहिली आणि फटीतून पाणी आलं.

भाभींनी टेपा बादलीत स्वच्छ पाण्यानं धुतल्या आणि अंगणातल्या कपड्यांच्या दोरीवर वाळत घातल्या. त्यांना वाटलं, कापडासारख्या वाळतील. पण आवाज असतो तो तपकिरी थर बोटाला लागून येत होता. संध्याकाळपर्यंत दोरीवर नुसत्या पारदर्शक फिती हलत होत्या. मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “राहू दे गं. काढून टाक आता.”

माझी कॅसेट लग्नाआधीच टेपरेकॉर्डरमध्ये गुंतून तुटली होती. नंतर मास्तरांनी मला दुसरी दिली होती, ती मी इतकी वाजवली की तिच्यात घरघरच जास्त उरली होती. ती घेऊन गेले. त्यांनी थोडी ऐकली आणि परत दिली. “ह्यात काय न्हाई,” ते म्हणाले. “पण माझ्या डोक्यात हाय सगळं. पुन्हा करतो.”

एका ऑर्केस्ट्रावाल्यानं त्यांना जुना कीबोर्ड दिला. हैदराबादला असलेल्या मुलीनं लॅपटॉप पाठवला. पासष्टी उलटलेला माणूस माऊस धरायला शिकला. बाकी सगळं राहू दे, एक ‘बंधारा’ तेवढा परत करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. दोन वर्षं ते त्यावर बसले होते.

मी दर रविवारी जात होते. पहिल्या वर्षी त्यांनी खालचा जाड सूर बसवला. तो इतका जसाच्या तसा होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी पाण्याची खसखस घातली. ती ऐकली आणि मी चटईवर सावरून बसले. ती खसखस नव्हतीच. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज होता. कानातून आत घुसत होता. मास्तर डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

“अजून थोडं वाढवायला पाहिजे का?” त्यांनी विचारलं.

“नको,” मी घाईनं म्हटलं. “एवढं बास.”

त्याच दिवशी भाभींनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारचे भिंत वाजवतात. मी दुसऱ्या दिवशी मास्तरांना दवाखान्यात यायला लावलं.

आमच्याकडे आवाज न येणारी एक छोटी काचेची खोली आहे. माणसाला आत बसवायचं, हेडफोन घालायचा, हातात बटण द्यायचं. बाहेरून मी यंत्रावर अगदी हळू सूर सोडते. ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. कुठला सूर किती मोठा केल्यावर ऐकू आला, ते मी आलेखावर मांडत जाते. खालच्या सुरांना मास्तरांनी चटाचट बटण दाबलं. मी वरच्या सुरांकडे गेले. बटण दाबलं जाईना. मी आवाज वाढवला, आणखी वाढवला. काचेतून ते माझ्याकडे बघत होते, पहिल्या बाकावर बसलेल्या पोरासारखे, अगदी लक्ष देऊन. शेवटी यंत्र जेवढा सोडू शकतं तेवढा सोडला. मास्तर तसेच बघत राहिले.

दोन्ही कानांची रेघ मध्यापर्यंत सपाट होती आणि तिथून सरळ खाली पडली होती. बंधाऱ्याच्या पाण्यात वरच्या पट्टीतलं जे जे बारीक असतं, त्यातलं काहीच त्यांना ऐकू येत नव्हतं. म्हणून ते वाढवत होते, त्यांना ऐकू येईपर्यंत.

नियमानं तो कागद मी डॉक्टरांकडे द्यायचा आणि डॉक्टरांनी सांगायचं. मास्तर बाहेर येऊन माझ्यासमोर बसले. “डॉक्टर नको. तूच सांग.”

मी हजारो माणसांना सांगितलं आहे. आईबापांना सांगितलं आहे की तुमच्या बाळाला ऐकू येत नाही. कसं सांगायचं ते मला येतं. तरी मी तो कागद पालथा ठेवला आणि म्हणाले, “वयाप्रमाणं थोडं कमी झालंय, मास्तर. मशीन लावलं तर बरं पडेल.”

“मशीन लावून बघितलंय मी, शेजाऱ्याचं. डब्यात तोंड घालून कुणी बोलतंय असं वाटतं. त्यानं काय संगीत व्हायचं?” मग त्यांनी विचारलं, “संगीताला अडचण न्हाई ना?”

“न्हाई.”

“आणि ‘बंधारा’? तू पहिला ऐकलायस. तसाच झालाय का?”

“तसाच झालाय,” मी म्हटलं.

का म्हटलं, याचं उत्तर मी खूप शोधलं. दया म्हणावं, तर तशी दया मी इतर कुणावर केली नव्हती. खरं असं आहे की मला ते मास्तर बघायचे नव्हते. कान गेलेले मास्तर. मला माझे मास्तर हवे होते, आणि ते मी खोटं बोलून आणखी थोडे दिवस ठेवले.

‘बंधारा’ परत केलाय ही बातमी कुणीतरी पेपरात दिली. वाचनालयानं त्या वर्षी मोठा कार्यक्रम ठरवला. रविवारी सकाळी दीडशे खुर्च्या मांडल्या, भाड्यानं चांगले स्पीकर आणले. पूर सोसलेल्या गल्लीतली माणसं आली, कॉलेजची मुलं आली. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांचा हॉल भरला होता. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. भाभी पहिल्या रांगेत होत्या. मी त्यांच्या शेजारी.

जाड सूर सुरू झाला आणि हॉल गप्प झाला. मग पाणी आलं.

माझ्या दुसऱ्या बाजूला वाचनालयाचे अध्यक्ष बसले होते. त्यांनी आधी मान तिरकी केली, मग तळहात कानाशी नेला. मागं एक लहान मूल रडायला लागलं आणि त्याची आई त्याला उचलून बाहेर गेली. तिच्यामागं दोघं गेले. मग चौघं. कॉलेजची मुलं आधी एकमेकांकडे बघून हसली, नंतर त्यांनीही कान झाकले. स्पीकरवाला मास्तरांकडे बघून हातानं खुणावत होता, कमी करू का? मास्तरांचे डोळे मिटलेले होते. ते उघडले तेव्हा त्यांना दिसलं ते असं: अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, आणि उरलेल्यांनी कानांवर हात ठेवलेले.

त्यांनी लोकांकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझेही हात कानांवर होते. मला ते कळलंच नव्हतं.

मास्तरांनी लॅपटॉप बंद केला. उठून शेजारच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले.

“काय ऐकू येतंय तुमाला?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. खसखस किती कर्कश आहे ते, आलेखावर रेघ कुठून पडली ते, कागद पालथा ठेवला होता ते. पाच मिनिटांत सगळं सांगून झालं. इतकं सोपं होतं ते.

ते म्हणाले, “तू रोज अनोळखी माणसांना खरं सांगतीस. मलाच कशाला फसवलंस गं?”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मी चूक सुधारायला निघाले, आणि तीही माझी दुसरी चूकच निघाली. एका रेकॉर्डिंग स्टुडिओवाल्याला भेटले. मास्तरांचा आलेख त्याच्यापुढं ठेवला आणि सांगितलं, जिथं जेवढी रेघ खाली पडलीय तिथं तेवढा आवाज कमी कर. आठवडाभर आम्ही बसलो. शेवटी स्पीकरमधून तोच ‘बंधारा’ आला, जवळचं पाणी आणि लांबचं पाणी, दोन्ही. धावत तो मास्तरांकडे घेऊन गेले. भाभींनी ऐकला आणि पदर तोंडाला लावला.

मास्तर अगदी शेवटपर्यंत ऐकत बसले. संपल्यावर म्हणाले, “पाणी सुरू केलंस का?”

“संपला, मास्तर.”

“मला खालचा सूर तेवढा आला. पाणी कुठाय?”

भाभी आत निघून गेल्या.

“चांगला झाला असंल,” ते म्हणाले. “पर ह्यो आता तुमचा झाला. माझा तुमच्या कानाला सोसत न्हाई, आणि तुमचा मला ऐकू येत न्हाई. काय करायचं सांग आता.”

त्यानंतर त्यांनी कीबोर्ड त्या ऑर्केस्ट्रावाल्याला परत केला. मी रविवारी जात राहिले. ते बोलत, भाभींना चहा ठेवायला सांगत, माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारत. संगीताचा विषय निघाला की खिडकीकडे बघत. कधी मला वाटे, त्यांनी मला माफ केलंय. कधी वाटे, त्यांनी मला आल्यागेल्यांतली एक करून टाकलंय. विचारायची हिंमत झाली नाही. पुढच्या थंडीत मास्तर एका सकाळी अंघोळीला गेले ते तिथंच पडले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

शोकसभा वाचनालयातच झाली. तिथं माझ्याकडचा ‘बंधारा’ वाजवला, सुधारलेला. या खेपेला कुणी उठलं नाही. अध्यक्ष भाषणात म्हणाले, “उतारवयातसुद्धा काय कान होता या कलावंताचा!” माणसांनी माना डोलावल्या. मी उभी राहून खरं सांगायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मी बसून राहिले. भाभी शेजारी होत्या आणि त्यांनी माझा हात धरला होता.

भाभींना मुलीनं हैदराबादला नेलं. घर भाड्यानं गेलं. जायच्या दिवशी भाभींना मी एकदाचं विचारलं, “मास्तर माझ्यावर रागावले होते का?”

“घरात कधी बोलले न्हाईत,” त्या म्हणाल्या. बरं वाटावं म्हणून आणखी काही जोडतील असं वाटलं, पण त्यांनी पिशवीची चेन लावली.

आता आमच्याकडे दोन ‘बंधारे’ आहेत. मी दोन्ही ऐकत नाही.

मागच्या महिन्यात दुपारी भाभींचा फोन आला. त्यांचा बटणांचा साधा फोन आहे, आवाज लांबून आल्यासारखा येतो. तिथं करमत नाही, गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, असं बराच वेळ बोलल्या. मग म्हणाल्या, “त्यांचं ते लाव की जरा. फोनवरच ऐकते.”

“कुठलं, भाभी?”

“कुठलं म्हंजे? त्यांनी केलेलं. खोलीत बसून वाजवायचे ते.”

मी मास्तरांचा स्वतःचा लावला, ज्यानं हॉल रिकामा केला होता तो. स्पीकरपुढं फोन धरला आणि दुसऱ्या हातानं माझा एक कान दाबून घेतला. खोली त्या आवाजानं भरून गेली. दुसऱ्या खोलीतून नवरा धावत आला आणि दारातच थांबला. पूर्ण अकरा मिनिटं मी तशीच उभी होते. संपल्यावर घाबरत फोन कानाला लावला.

“लय चांगलं ऐकू आलं,” भाभी म्हणाल्या. “पाणी पडतंय तसंच.”

साध्या फोनमधून वरच्या पट्टीतले बारीक आवाज पलीकडे जातच नाहीत. हे मला शिकवलेलं आहे, माझ्या कामाचा तो भाग आहे. तरी स्पीकरपुढं फोन धरताना ते सुचलं नव्हतं. मास्तरांना जे ऐकू येत होतं, जवळजवळ तेच भाभींच्या कानापर्यंत पोचलं होतं.

त्यांना मी हे समजावून सांगायला लागले, पण मधेच पलीकडे नातवंडाचा दंगा सुरू झाला. भाभी म्हणाल्या, नंतर कर फोन, आणि ठेवून दिला.